वॉश बेसिनखाली पाणी गळतंय? आधी गळती शोधा, मग पान्हा हातात घ्या

बेसिनखालची गळती बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं तशीच चालू असते. खाली जुनी बादली लावली की भागतं. बादली भरली की कुंडीत नाहीतर संडासात ओतायची. पाणी वाया जात नाही, मग कशाला घाई? मराठवाड्यात टंचाईच्या दिवसांत तर लोक वेस्ट पाईप मुद्दाम भिंतीतून उपसून बादलीत सोडतात. एप्रिल २०१६मध्ये ज्यांच्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरकरांना यातलं काही नवीन सांगायला नको. पण मुद्दाम बादलीत सोडलेलं पाणी वेगळं आणि सांध्यातून झिरपणारं पाणी वेगळं. झिरपणारं सगळं बादलीत पडत नाही. काही भिंतीत मुरतं, काही बेसिनमागून ओघळत ब्रॅकेटपर्यंत जातं. प्लास्टर फुगतं, प्लायवूडचं कपाट सडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेसिन ज्या स्क्रूंवर टांगलेलं असतं ते गंजतात. गंजलेल्या ब्रॅकेटवरचं बेसिन लहान पोर लटकलं तरी खाली येऊ शकतं. म्हणून ही गळती अंगावर काढू नये.

हे काम घरच्या घरी जमण्यासारखं आहे. नळाच्या पाईपात दाब असतो, सांडपाण्याच्या पाईपात नसतो. इथलं पाणी फक्त उतारानं वाहतं. त्यामुळे टाकीचा वॉल्व्ह बंद करायची गरज नाही आणि चुकलं तरी घरभर फवारा उडत नाही. बहुतेक वेळा दोष निघतो तो दहा-वीस रुपयांच्या रबरी वॉशरमध्ये, किंवा तो वॉशर जिथे टेकतो त्या जागेत. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. गळतंय असं दिसलं की लगेच वरून एम-सील किंवा व्हाईट सिमेंट थापू नका. ओल्या, साबणाच्या थराच्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही आणि चार महिन्यांनी पाणी त्याच्या मागून वाट काढतं. तेव्हा तो सांधा उघडायला बेसिन फोडायची वेळ येते.

खाली काय काय असतं

बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेलं जाळीचं तोंड म्हणजे वेस्ट कपलिंग. घरगुती बेसिनचं कपलिंग ३२ मिमीचं असतं, दुकानात त्याला सव्वा इंची म्हणतात. त्याची वरची कड बेसिनच्या आत टेकते आणि आट्यांची नळी खाली उतरते. त्या नळीवर खालून जाड रबरी वॉशर, मग एक पातळ प्लास्टिकची चकती आणि शेवटी चेकनट. चेकनट आवळला की वरची कड आणि खालचा वॉशर यांच्यामध्ये बेसिन घट्ट धरलं जातं.

कपलिंगच्या खाली दोनपैकी एक काही तरी असतं: लवचिक, वळ्यावळ्यांचा वेस्ट पाईप, किंवा बॉटल ट्रॅप. बॉटल ट्रॅप म्हणजे बाटलीसारखा भाग. त्याच्या तळाच्या कपात कायम थोडं पाणी थांबून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. पुढे पाईप भिंतीतल्या पीव्हीसी पाईपात शिरतो किंवा खाली फरशीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. पाईप थेट नहाणी ट्रॅपमध्ये जात असेल, तर वास अडवायचं काम तोच करतो, वेगळा बॉटल ट्रॅप लागत नाही.

गळती नेमकी कुठे आहे

या कामात खरा वेळ इथे घालवा. पाणी वरून निघून आट्यांवरून, पाईपाच्या वळ्यांवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. थेंब जिथे पडतो तिथला नट आवळत बसलात तर तो नट तुटेल, गळती थांबणार नाही.

आधी सगळं फडक्यानं कोरडं करा. बेसिनचा खालचा भाग, प्रत्येक नट, पाईप, भिंत, सगळं. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, त्यावर एक थेंब पडला तरी डाग उठतो. चाचणीच्या पाण्यात कपड्याच्या निळीचे दोन-तीन थेंब टाका. निळं पाणी टिश्यू पेपरवर लगेच दिसतं, आणि भिंतीवरची जुनी ओल कुठली नि आत्ताची कुठली हेही कळतं.

पहिल्यांदा काहीच करू नका. नळ न उघडता अर्धा-एक तास वाट बघा. तरी थेंब पडला, तर एक शक्यता म्हणजे नळाकडे येणारा अँगल कॉक (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा कॉक) किंवा कनेक्शन पाईप गळतोय. म्हणजे दोष सांडपाण्याच्या बाजूला नाहीच. दुसरी शक्यता बॉटल ट्रॅपच्या कपाची, कारण त्यात पाणी कायम असतं. हा थेंब काही वेळानं आपोआप थांबतो आणि मग बाथरूममध्ये वास यायला लागतो. वास आणि गळती एकत्र असेल तर आधी कपाकडेच बघा.

दुसऱ्यांदा बेसिनचं तोंड बंद करा. बूच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून घट्ट दाबा. अर्धं बेसिन भरा, पाण्याच्या कडेला पेन्सिलनं खूण करा आणि पंधरा मिनिटं थांबा. पाणी खालच्या पाईपात गेलेलं नसताना चेकनटच्या आसपास ओल आली, तर कपलिंगची वरची कड सुटलेली आहे किंवा बेसिनला तडा आहे. तडा केसाइतका असतो, पण निळीचं पाणी त्यात रेघ उठवतं. भोकाजवळ तडा गेलेलं बेसिन दुरुस्त करण्यात अर्थ नाही, ते बदलावंच लागतं.

तिसऱ्यांदा बूच काढा आणि पाणी एकदम जाऊ द्या. बॅटरी लावून वरून खाली, एकेका सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा. जो सांधा सगळ्यात वरचा ओला, तोच दोषी.

काही बेसिनना वरच्या बाजूला एक छोटं भोक असतं, ओव्हरफ्लोचं. असेल तर बेसिन त्या भोकापर्यंत भरा. फक्त तेव्हाच गळत असेल तर कपलिंग चुकीच्या जातीचं आहे किंवा खालचा वॉशर गेला आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

या सगळ्याला दोन बादल्या पाणी पुरतं आणि ते नंतर संडासात ओतता येतं. नळ येणार असेल त्या दिवशी मात्र हे काम काढू नका. ज्या गावांत आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे हात भरणीत गुंतलेले असतात.

आपल्याकडे वॉशर लवकर का जातो

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे आणि बोअरचं पाणी त्याच्या भेगांतून वर येतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच ठिकाणी जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालतं. तुमच्या बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरं खरखरीत कडं चढत असेल, तर तेच कडं बेसिनच्या भोकाच्या कडेलाही चढतंय. थोडंसं पाणी झिरपतं, वाळतं, क्षार मागे राहतो. तो खडबडीत थर वॉशरला एका बाजूनं उचलून धरतो आणि झिरपणं वाढतं.

परभणीच्या आमच्या घरी बोअरच्या पाण्यावर चालणारं बेसिन उघडलं, तेव्हा कपलिंगच्या कडेखाली पिवळट-पांढऱ्या क्षाराचं अख्खं वेटोळं होतं. खालचा वॉशर एका बाजूला चपटा आणि दुसऱ्या बाजूला जाड झाला होता. बोटांत धरून वाकवला तर पापडासारखा मोडला. रबर असं झालं की कितीही आवळा, ते दबत नाही.

दुसरं कारण ऊन. पाईप भिंतीतून बाहेर काढून झाडांच्या आळ्यात सोडलेला असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हात तो लवचिक पाईप दोन-तीन वर्षांत कडक होऊन चिरतो. उघड्यावरच्या भागाला साधा कडक पीव्हीसी पाईप वापरा. तिसरं, घर दोन-तीन महिने बंद राहणं. पोरं पुण्याला, आई-वडील त्यांच्याकडे गेले की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, रबर सुकून आकसतं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी गळती दिसते. अशा वेळी लगेच काही उघडू नका. चार-सहा तांबे पाणी ओता, एक दिवस बघा. कधी कधी वॉशर पुन्हा ओला होऊन बसतो.

हाताशी काय ठेवायचं

रुंद तोंडाचा पान्हा किंवा पाईप पान्हा, एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, जुना टूथब्रश, बोथट सुरी, बारीक काच पेपर, टेफ्लॉन टेप, सिलिकॉनची ट्यूब, लिंबूसत्व, बादली आणि फडकी. दुकानात जाताना जुना वॉशर आणि शक्य असेल तर कपलिंगच खिशात घालून न्या. तोंडी माप सांगून आणलेला वॉशर बसत नाही, परत जावं लागतं.

आधीच्या दोन-चार दिवसांत कुणी चोकअप काढायची पावडर टाकली असेल तर ट्रॅपमधलं पाणी कातडी आणि डोळे भाजू शकतं. भरपूर पाणी ओतून घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. क्षार काढायला संडासचं ॲसिड वापरू नका. ते कपलिंगची चमक आणि पितळ दोन्ही खातं. आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा खेळ जिवाशी आहे.

बॉटल ट्रॅप किंवा पाईपाचा नट गळत असेल तर

खाली बादली लावा. कप हातानं डावीकडे फिरवून उतरवा, जड गेला तर फडकं गुंडाळून पान्हा लावा. आत केस, साबणाचा लगदा, सुपारीची खांडं निघतील. ते बादलीत टाका. कप धुवायला त्याच बेसिनचा नळ उघडू नका, खालचं सगळं उघडं आहे. कपाच्या कडेचा वॉशर काढून बघा. मऊ असेल तर पुसून, आटे ब्रशनं घासून परत लावा. कडक असेल तर नवा.

वरच्या नटाखालचा वॉशर बऱ्याचदा एका बाजूनं निमुळता असतो. निमुळती बाजू सांध्याच्या तोंडात, सपाट बाजू नटाकडे. उलटा बसवला तर नवाकोरा वॉशरही गळतो.

टेफ्लॉन टेपचा इथे उपयोग नाही. या नटाचे आटे पाणी अडवत नाहीत, ते फक्त वॉशरला दाबतात. अडवतो तो वॉशर. आट्यांवर टेपचे थर चढवले तर नट पूर्ण आवळला जात नाही आणि वॉशर ढिलाच राहतो. प्लास्टिकचे नट आधी हातानं पूर्ण आवळा, मग पान्ह्यानं पाव फेरा, बस. जास्त जोर लावला तर नट चिरतो.

लवचिक पाईप चिरलेला असेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळत बसू नका. साधारण शंभर-दीडशे रुपयांत नवा मिळतो. तो लावताना मध्ये पोट लोंबू देऊ नका, तिथे गाळ साठतो. पाईप मीटरमागे निदान दोन सेंटिमीटर उतरत गेला पाहिजे. टंचाईत पाईप बादलीत सोडायची सवय असेल, तर भिंतीकडचं टोक काढा, कपलिंगकडचा नट हलवू नका. दर वेळी तो ढिला केला की वॉशर जागा सोडतो.

कपलिंग गळत असेल तर

हे काम जरा मोठं आहे. खालचा पाईप किंवा ट्रॅप सोडवून घ्या. चेकनट फिरवताना वरचं कपलिंगही सोबत फिरतं. ते धरायला वरून जाळीच्या भोकांत पक्कडीचे दोन दांडे उभे घाला आणि दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. चेकनट खालून वर बघताना डावीकडे सुटतो.

तो क्षारानं जाम झाला असेल तर गरम पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नटाभोवती अर्धा तास गुंडाळा. तरी हलला नाही तर हॅक्सॉच्या पात्यानं नटाला उभी चीर पाडा. घाई करू नका, आणि हातोडी तर अजिबात मारू नका. बेसिन चिनी मातीचं आहे, एका ठोक्यात जातं.

कपलिंग वर उचलून काढलं की भोकाची कड वरून आणि खालून दोन्हीकडून साफ करा. जुनं सिमेंट, सिलिकॉन बोथट सुरीनं खरवडा, क्षारावर लिंबूसत्वाचं फडकं ठेवा, मग ब्रश. सगळं झाल्यावर डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. कुठे खरखर लागली तर तिथूनच उद्या गळणार आहे, ती काच पेपरनं घालवा. शेवटी कड पूर्ण वाळवा.

नवं कपलिंग घेताना दुकानदार विचारतो, "हाफ थ्रेड का फुल थ्रेड?" याचं उत्तर बेसिन बघून द्यायचं. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड. त्याच्या वरच्या भागात खाचा असतात, त्यातून ओव्हरफ्लोचं पाणी आत येतं. भोक नसेल, म्हणजे टेबल टॉप वगैरे प्रकार, तर फुल थ्रेड. भोक नसलेल्या बेसिनला हाफ थ्रेड लावलं तर खाचांतून पाणी बाहेर पडून थेट ओट्यावर येतं, आणि माणूस वॉशर बदलत राहतो. भोक असलेल्याला फुल थ्रेड लावलं तर ओव्हरफ्लोचं पाणी आतच अडकून कुजतं. क्षाराच्या पाण्याला पितळी कपलिंग घ्या असं मी सांगेन. साधं प्लास्टिकचं स्वस्त पडतं, पण त्याचे आटे लवकर मरतात.

आता बसवणं. कपलिंगच्या वरच्या कडेखाली सिलिकॉनची अखंड बारीक वळी फिरवा. भोकात घालून सरळ दाबा, बाहेर आलेलं सिलिकॉन ओल्या बोटानं पुसा. इथे मी व्हाईट सिमेंट टाळतो, ते ताठ असतं, बेसिन जरा हललं की चिरतं. खालून नळीवर जिथे वॉशर बसणार त्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या, नट आवळायच्याच दिशेनं. इथे टेप हवी, कारण खाचांतून आलेलं पाणी आट्यांच्या खोबणीतून वॉशरच्या आतल्या कडेनं खाली सरकतं. त्यानंतर रबरी वॉशर, मग प्लास्टिकची चकती, मग चेकनट. चकती विसरू नका. ती नसेल तर नट रबराला सोबत पिळतो आणि वॉशर सुरकुततो. वरून कपलिंग धरून ठेवा, नट हातानं आवळा, मग पान्ह्यानं अर्धा फेरा. वॉशर सगळीकडून सारखा दबलेला दिसला की थांबा.

भिंतीतल्या पाईपाचा सांधा

भिंतीतला पाईप बहुतेक ४० मिमीचा आणि वेस्ट पाईप ३२चा, म्हणून मध्ये फट राहते. त्या फटीत कापड कोंबू नका, सिमेंट भरू नका. मधोमध भोक असलेलं रबरी बूच मिळतं, ते पाईपावर चढवून भिंतीतल्या तोंडात दाबा.

पण बूच लावण्याआधी एक तपासा. वेस्ट पाईप बाहेर काढून भिंतीतल्या पाईपात नरसाळ्यानं पाणी ओता, आधी हळू, मग जोरात. हळू ओतल्यावर जातं आणि जोरात ओतल्यावर परत तोंडाशी येतं, तर पुढे पाईप तुंबलेला आहे. आधी तुंबा काढा. पाणी सुरळीत जातं, पण थोड्या वेळानं भिंत किंवा खालच्या मजल्याचं छत निळं ओलं होतं, तर भिंतीच्या आतला सांधा फुटलाय. इथे प्लंबर बोलवा. ब्रॅकेटचे स्क्रू गंजून बेसिन हलत असेल तरीही. प्लंबरला नुसतं "गळतंय" सांगू नका, कोणत्या चाचणीत कुठला सांधा ओला झाला ते सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

शेवटची तपासणी

सिलिकॉन लावलं असेल तर २४ तास बेसिन कोरडं ठेवा. अँगल कॉक बंद करून टाका, म्हणजे सवयीनं कुणी नळ उघडला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी निळीच्या पाण्यानं त्याच चाचण्या त्याच क्रमानं करा. खालचं वर्तमानपत्र रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी बघा. तीन-चार दिवसांनी रबर बसून थोडं दबतं, तेव्हा चेकनट आणि ट्रॅपचे नट हातानं पुन्हा चाचपा. एखादा हाताला ढिला लागला तर तेवढाच थोडा फिरवा.